काच आधी आली, काड्या फार उशिरा

मंडळी, इटलीच्या उत्तरेला डोलोमाइट पर्वतांत पिएवे दि कादोरे नावाचं छोटंसं गाव आहे. थोर चित्रकार तित्सियानोचा जन्म इथला. याच गावात १९९० पासून चष्म्याचं संग्रहालय आहे. त्या निमित्तानं आज मला एकच प्रश्न मांडायचा आहे. चष्मा कानांवर बसायला एवढा उशीर का झाला?

चष्मा निघाला तो १२८६ च्या आसपास, इटलीतच. २३ फेब्रुवारी १३०६ या दिवशी जोर्दानो दा पिसा या धर्मोपदेशकानं फ्लॉरेन्समध्ये प्रवचन केलं. ही कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत, असं तो त्यात म्हणाला. ती काढणाऱ्या माणसाला आपण भेटलो, त्याच्याशी बोललो, हेही त्यानं सांगितलं. नाव मात्र सांगितलं नाही! पुढे फ्लॉरेन्सच्या अभिमानी मंडळींनी साल्विनो देल्यी आर्माती हे नाव पुढे केलं. ती कथा बनावट ठरली. मला महत्त्वाचा वाटतो तो पिसाचा अलेस्सांद्रो देल्ला स्पिना. मूळ कारागीर आपली विद्या कुणाला द्यायला तयार नव्हता. स्पिनानं चष्मा नुसता पाहून तो स्वतः घडवला आणि ती विद्या आनंदानं सगळ्यांना दिली, अशी नोंद त्याच्या मठाच्या बखरीत आहे. चष्मा पसरला तो अशा माणसांमुळे.

पण हा चष्मा होता कसा? दोन गोल चौकटी, प्रत्येकीला एक दांडी, आणि दोन्ही दांड्या एका खिळ्यानं जोडलेल्या. हातात धरायचा, नाहीतर नाकावर चिमटवायचा. त्रेविझोच्या मठात तोम्माझो दा मोदेनानं १३५२ मध्ये काढलेल्या भित्तिचित्रात एक कार्डिनल (कॅथलिक चर्चचा वरिष्ठ धर्माधिकारी) असाच चष्मा लावून लिहीत बसला आहे. (तो कार्डिनल चष्मा निघायच्या आधीच वारला होता, विद्वान माणूस म्हणून चित्रकारानं त्याला चष्मा दिला.) जर्मनीत विन्हाउझनच्या मठात १९५३ साली जोगिणींच्या प्रार्थनास्थळाच्या फळ्यांखाली असे लाकडी चष्मे खरोखरच सापडले.

काचेची प्रगती झपाट्यानं झाली. १४६२ साली मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा यानं फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले, तेव्हा त्यात लांबचं बघायचे वेगळे आणि जवळचे वेगळे होते. म्हणजे चाळिशीवाल्यांची सोय झाली होती आणि लांबचं न दिसणाऱ्या तरुणांचीही. चौकट मात्र तिथंच अडली. कुणी रेशमी फीत डोक्यामागं बांधली, कुणी दोऱ्याचे फास कानांभोवती अडकवले. न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी तांब्याच्या एकाच तारेची चौकट वळवून चष्मा स्वस्त केला, पण नाकावरून तो घसरतच राहिला. ताठ काड्या आल्या १७२७ ते १७३० च्या सुमारास, लंडनच्या एडवर्ड स्कार्लेटच्या दुकानात. त्याही कानांवर नव्हे, कानशिलांवर दाबून बसणाऱ्या.

साडेचारशे वर्षांच्या या विलंबाचं कारण मला असं वाटतं की, चष्मा हे बसून वाचण्याचं साधन होतं. पान संपलं की ठेवून दिला. चष्मा लावून चालायचं, हातांनी काम करायचं, ही गरज बनवणाऱ्यांना फारशी जाणवलीच नाही. त्यामुळे विणकर, सुतार, शिंपी यांचे हात मोकळे राहतील असा चष्मा शेवटी आला. आपण भिंगाचं कौतुक करतो. काडीचंही तितकंच करायला हवं.

संग्रहालय कादोरेतच का, तर आंजेलो फ्रेस्कुरानं १८७८ साली शेजारच्या काल्याल्त्सोमध्ये चष्म्याच्या चौकटींचा कारखाना काढला. त्यातून सगळ्या खोऱ्याला उद्योग मिळाला. १९६१ साली जवळच्या आगोर्दोत सुरू झालेली लुक्सोत्तिका कंपनी पुढे जगात पहिल्या रांगेत गेली.

आपल्याकडचा धागाही सांगतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी भारतातल्या चष्म्याचा इतिहास कसून शोधला. विजयनगरचे माध्व संत व्यासतीर्थ १५२० च्या सुमारास चष्मा वापरत, असा पुरावा व्यासतीर्थांच्या चरित्रकाव्यात मिळतो. तो चष्मा बहुधा पोर्तुगीजांकडून आलेला असावा. काळ लक्षात घेतला, तर त्या चष्म्यालाही काड्या नसणारच. पोथी वाचताना तो हातात धरावा लागला असेल किंवा नाकावर चिमटवावा लागला असेल. हा विषय ज्यांना पुढे न्यायचा आहे, त्यांनी गोडे यांच्या लेखनापासून सुरुवात करावी.