लॉरेन्सच्या गिरण्या आणि मंडळांची ताकद

नमस्कार मंडळी!

बोस्टनहून उत्तरेला निघालं की मेरिमॅक नदीकाठी लॉरेन्स लागतं. लाल विटांच्या त्या लांबलचक गिरण्या आपल्यापैकी अनेकांनी येता-जाता पाहिल्या असतील. त्या कोणी चालवल्या, हे आज सांगायचंय.

१८८० ते १९२० या काळात दोन कोटींहून जास्त माणसं अमेरिकेत आली. एकट्या १९०७ साली जवळजवळ १३ लाख! दक्षिण इटलीत खायची भ्रांत, पोलंडमध्ये जमिनीचे तुकडे पडलेले, रशियात ज्यूंवर हल्ले. आगबोटीचं भाडं आवाक्यात आलेलं आणि इकडे कारखान्यांना हात हवेच होते. आपल्या रत्नागिरी-साताऱ्याची माणसं त्याच सुमारास गिरणगावात येत होती, तीही अशाच ओढगस्तीने.

लॉरेन्समध्ये कॅमेला टिओली नावाची इटालियन मुलगी होती. चौदा वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेता येत नसे. एक माणूस घरी आला, चार डॉलर घेऊन वयाचा खोटा दाखला करून दिला आणि तेरा वर्षांची कॅमेला कामाला लागली. थोड्याच दिवसांत तिचे केस यंत्रात अडकले, डोक्याची कातडी सोलून निघाली. सात महिने ती इस्पितळात होती. मार्च १९१२ मध्ये तिने हे सगळं वॉशिंग्टनला संसदेच्या समितीपुढे सांगितलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या पत्नी ऐकायला बसल्या होत्या.

ती तिथवर पोचली संपामुळे. त्या जानेवारीत कायद्याने बायका-मुलांचा आठवडा ५६ तासांवरून ५४ तासांवर आला, आणि मालकांनी तेवढी मजुरी कापली. पहिल्यांदा पोलिश बायकांनी माग बंद केले. बघता बघता वीस हजारांवर कामगार रस्त्यावर उतरले. एवढ्या निरनिराळ्या भाषांची माणसं एकत्र टिकणारच नाहीत, असं मालक धरून चालले होते.

पण ती टिकली, आणि मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते इथेच. संप समितीवर प्रत्येक समाजाचे प्रतिनिधी होते. सभेतलं भाषण एकामागून एक भाषांत सांगितलं जाई. ज्याची त्याची मंडळं आपापल्या लोकांसाठी चूल पेटवत होती. गिरणगावात संपाच्या दिवसांत खानावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवू घातलं, गावाच्या खोल्यांनी माणसं धरून ठेवली, त्याच जातीचं हे काम. आपली भाषा धरून राहणारा माणूस इथे परका राहतो, असं आपल्याला ऐकवलं जातं. लॉरेन्समध्ये नेमकं उलटं घडलं. मार्चच्या मध्यावर मजुरी वाढली, आणि सर्वांत कमी मिळवणाऱ्यांना टक्केवारीने सर्वांत जास्त वाढ मिळाली.

पुढे १९२४ च्या स्थलांतराच्या कायद्याने ही दारं बहुतेक बंद केली. बहुतेक आशियाई लोकांना तर त्याआधीच मज्जाव होता. १९६५ मध्ये कायदा बदलला म्हणून आपण आज या सभागृहात बसलो आहोत.

आजच्या लॉरेन्समध्ये डॉमिनिकन कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यातले किती तरी जण इंग्रजी शिकताहेत. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत. शनिवारचे दोन तास तिथे देता येतील का, हे कार्यकारिणीने मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लेबर डेला तिथे या संपाच्या आठवणीचा उत्सव भरतो. यंदा मुलांना घेऊन सगळे जाऊ या.