मागची चाकं सुटतात तेव्हा

(इंदूरमधल्या मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे पहिला पाऊस जूनच्या मध्याला पडतो. त्याआधी तीन-चार महिने रस्त्यावर डिझेलचे थेंब, टायरची झिजलेली भुकटी आणि धूळ साचत असते. त्यात माळव्याची काळी माती. शेतातून डांबरावर चढणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांना ती चिकटून येते आणि वळणावरच पसरते. पावसाची पहिली सर या सगळ्याचा निसरडा थर करते. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात किंवा मानपूरच्या घाटात त्या दिवशी गाडी नेली, तर कालच्या वेगाला आज तेच वळण बसत नाही.

किती फरक पडतो ते आकड्यांत पाहू. ३० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे टायर आणि रस्त्यामधल्या पकडीचं माप, ०.९ धरला, तर टायर तिथे जास्तीत जास्त ताशी ५८ किलोमीटरपर्यंत गाडी धरून ठेवतात. ओल्या रस्त्यावर तो ०.५ झाला की मर्यादा येते ताशी ४३ वर. ताशी ५० ने जाणाऱ्याला काल काहीच जाणवलं नव्हतं, आणि आज तो मर्यादेच्या सात किलोमीटर पलीकडे आहे.

आज बोलायचं आहे ते मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या स्पोर्ट्स कारबद्दल. पण मागच्या चाकांची गाडी म्हणजे फक्त मस्टँग किंवा बीएमडब्ल्यू एम२ नव्हे. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी तशाच होत्या. बोलेरो आणि इनोव्हा क्रिस्टा तशाच आहेत. फरक एवढाच, की उंच गाडी घसरताना कडेच्या मातीत रुतली तर उलटू शकते, आणि बुटकी स्पोर्ट्स कार बहुतेक वेळा भोवऱ्यासारखी फिरते.

टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. चाकावर ३५० किलो भार आणि आत ३२ पीएसआय हवा असेल, तर टेकणारी जागा साधारण १५५ चौरस सेंटिमीटर भरते. अशा चार तळहातांवर सगळा खेळ. पुढच्या टायरला दोन कामं, वळवणं आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलणं. मागच्याला बाजूने धरून ठेवायचं आणि शिवाय इंजिनची ताकदही रस्त्याला द्यायची. ही दोन कामं एकाच पकडीतून भागवावी लागतात, आणि त्यांचा हिशेब पायथागोरसच्या त्रिकोणासारखा चालतो. बाजूच्या कामात पकड ८० टक्के खर्ची पडली, तर पुढे ढकलायला ६० टक्के उरते. बाजूचं काम ९५ टक्क्यांवर गेलं, की उरते जेमतेम ३१ टक्के. म्हणून वळणाच्या ऐन मध्यावर पाय थोडाही जास्त दाबला, तरी मागची चाकं सुटतात, म्हणजे पकड सोडून आडवी घसरतात.

सुटायला ताकद लागते किती? इंजिनचा पिळा (टॉर्क) ४०० न्यूटन-मीटर, दुसऱ्या गिअरचं प्रमाण २.४, डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं, ३.२ आणि चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर असं धरा. पूर्ण रेस दिली तर चाकांशी साधारण ९,३०० न्यूटनचा रेटा येतो. गाडी १,४०० किलोची, निम्मा भार मागे. वेग घेताना आणखी १४० किलो मागे सरकले असं मानलं, तरी कोरड्या रस्त्यावर मागच्या दोन टायरची सगळी पकड ७,४०० न्यूटनच्या आसपास जाते. म्हणजे सरळ रस्त्यावर, कोरड्यातसुद्धा, दुसऱ्या गिअरात चाकं गरगरू शकतात. टर्बोच्या गाडीत हा रेटा एकदम येतो, आणि चालकाने पाय दाबल्यावर क्षणभर उशिरा येतो. १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो याच कारणाने बदनाम झाली. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, रेटा उशिरा, आणि घाबरून पाय उचलला की मागचा भाग लंबकासारखा बाहेर.

पाय उचलण्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण चुका इथेच होतात. वळणात वेग जास्त वाटला की पाय आपोआप उचलला जातो. त्या वेळी दोन गोष्टी एकदम घडतात. एक, भार पुढे सरकतो. गाडीचं वजन, मंदावण्याचं प्रमाण आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करून दोन ॲक्सलमधल्या अंतराने भागायचं. १,४०० किलो, ०.२ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश), अर्धा मीटर आणि अडीच मीटर असं घेतलं तर ५६ किलो. जोरात ब्रेक मारून ०.५ जी झालं तर १४०. मागे ७०० किलो होते, ते ५६० उरले. दुसरी गोष्ट, पाय उचलल्यावर इंजिन चाकांना अडवतं, तो इंजिनचा ब्रेक या गाडीत फक्त मागच्या चाकांना लागतो. म्हणजे ज्या टायरवरचा भार कमी झाला, त्याच्याच गळ्यात नवं काम पडतं. रेस न जुळवता खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला तर परिणाम तोच, पण कित्येक पटींनी जास्त.

यावर गाडी बनवणाऱ्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. जुन्या मागच्या सस्पेन्शनमध्ये पाय उचलला की रबरी बुश दबायचे आणि मागची चाकं किंचित बाहेर उघडायची, नेमकी घसरण वाढेल अशी. पोर्शे ९२८ ने १९७७ मध्ये वायसाख ॲक्सल आणलं. त्यात रचनाच अशी होती, की पाय उचलल्यावर चाक किंचित आत वळावं. म्हणून जुन्या गाडीत मागचे बुश खराब झाले तर दुर्लक्ष करू नका. अलाइनमेंट करवताना मागच्या चाकांचं टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं किंचित आत वळलेली असणं, तपासायला सांगा आणि कागदावरचे आकडे वाचा. मागच्या चाकांना याच्या उलट टो-आउट आलं असेल, तर गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा अस्वस्थ वागते आणि वळणात मागून झटका देते. फक्त पुढचं अलाइनमेंट करून मागचं तसंच सोडणं, ही अनेक ठिकाणी दिसणारी सवय धोक्याची आहे.

आता गाडी खरंच सुटली असं समजू. सर्वांत आधी कळतं ते कमरेला, डोळ्यांना नाही. सीट आडवी सरकल्यासारखी वाटते. पुढची चाकं घसरताना कळतं ते स्टिअरिंगला. ते हलकं, पोकळ लागतं आणि गाडी वळायला तयार होत नाही. हा भेद ओळखणं महत्त्वाचं, कारण पुढची चाकं घसरली असताना उलट स्टिअरिंग दिलं तर गाडी सरळ बाहेर जाते. तिथे स्टिअरिंग थोडं सैल करून पाय हळू काढायचा असतो.

मागची सुटली तर पहिलं काम नजरेचं. जिथे जायचं आहे तिथे बघा. नजर झाडावर गेली, तर हात तिथेच नेतात. दुसरं काम हातांचं. मागचा भाग ज्या बाजूला निघाला, त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं, तेही पटकन. किती? स्टिअरिंगचं प्रमाण १४ ला १ असेल आणि मागचा भाग १० अंश बाहेर गेला असेल, तर पुढची चाकं १० अंश उलट न्यायला स्टिअरिंग १४० अंश फिरवावं लागतं. जवळजवळ अर्धा फेरा. घड्याळातल्या नऊ आणि तीनवर हात असले, तर हे एका हालचालीत जमतं. एक हात गिअरवर असेल तर जमत नाही. आणि स्टिअरिंग घट्ट आवळू नका. पुढच्या चाकांची भूमितीच अशी असते, की गाडी आडवी होऊ लागली की स्टिअरिंग आपणहून उलट फिरू पाहतं. त्याला फिरू द्या, आपण फक्त साथ द्यायची.

तिसरं काम पायाचं, आणि ते घसरण कशाने झाली त्यावर ठरतं. जास्त रेस दिल्याने सुटली असेल, तर पाय थोडा मागे घ्यायचा, साधारण पाव ते तिसरा हिस्सा. पूर्ण उचललात तर वर सांगितलेले ५६ किलो पुढे जातात आणि एक घसरण दुसरीला जन्म देते. पाय उचलल्यानेच सुटली असेल, तर जरासा पाय परत ठेवायचा, चाकं फिरत राहतील आणि भार मागे बसेल एवढाच. काहीच कळलं नाही, तर मॅन्युअल गाडीत क्लच दाबा. मागची चाकं इंजिनपासून मोकळी होऊन फिरू लागतात आणि बाजूची पकड त्यांना परत मिळते. ब्रेक मात्र दाबायचा नाही.

आता चौथं काम, आणि मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हेच. मागचा भाग बाहेर जायचा थांबतो, क्षणभर स्थिर होतो आणि परत येऊ लागतो. परत येऊ लागला की त्याच क्षणी स्टिअरिंग सरळ करत आणायचं, त्याच्याच वेगाने. इथे उशीर झाला तर टायर अचानक पकड घेतात, पुढची चाकं अजून उलट वळलेली असतात, आणि दबलेल्या स्प्रिंगसारखी गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. हा दुसरा झटका पहिल्यापेक्षा जोराचा असतो. पहिली घसरण सावरली असं वाटून हात थबकतात, आणि गाडी दुभाजकाच्या विरुद्ध बाजूला जाऊन आदळते. मागचा भाग सेकंदाला ४० अंशांनी फिरत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे २० अंश. म्हणून उलट स्टिअरिंगचा सराव करताना निम्मा वेळ परत आणण्याच्या सरावाला द्यायला हवा. हात फिरवायला शिकवणारे पुष्कळ आहेत, परतवायला शिकवणारे कमी.

आणि सावरणारच नाही असं दिसलं तर? पुढची चाकं एका मर्यादेपलीकडे वळत नाहीत, ३५ ते ४० अंशांच्या आसपास. गाडी त्याहून जास्त आडवी झाली, की हातांत करण्यासारखं उरत नाही. मग दोन्ही पाय खाली, क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबून ठेवा. गाडी फिरत राहील, पण निघालेल्या दिशेने साधारण सरळ घसरत जाईल आणि वेग कमी होईल. पूर्ण थांबेपर्यंत ब्रेक सोडू नका. मध्येच सोडलात, तर चाकं त्या वेळी ज्या दिशेला तोंड करून असतील, तिकडे एकदम पकड घेऊन गाडी उडी मारते.

एका ताईंनी विचारलंय, की ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, असताना हे सगळं कशाला? रास्त प्रश्न आहे. बॉश आणि मर्सिडीजने ही यंत्रणा १९९५ मध्ये बाजारात आणली. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या चाचणीत, अचानक समोर आलेला प्राणी चुकवावा तशी वळणं घेताना, छोटी मर्सिडीज ए-क्लास उलटली. त्यानंतर त्या गाडीत ही यंत्रणा सरसकट बसवली गेली. मागचा भाग सुटला की ती वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक ब्रेकने पकडते, आणि गाडीचं नाक हळूच बाहेर ओढलं जातं. एका वेळी एकच चाक ब्रेक करायला माणसाजवळ पेडल नाही, म्हणून हे काम तिचंच. पण ती टायरची पकड वाढवत नाही. ताशी ४३ च्या वळणावर ६० ने गेलात तर तीही थांबवू शकणार नाही. आणि तिला दिशा कळते ती स्टिअरिंगच्या कोनावरून, म्हणून हात तुमचेच नीट हवेत. सार्वजनिक रस्त्यावर तिचं बटण बंद करू नका. स्पोर्ट मोड बहुतेक गाड्यांत तिला उशिरा जागं करतो, हेही लक्षात ठेवा.

डिफरन्शियलबद्दल थोडक्यात. साध्या डिफरन्शियलमध्ये वळणातलं आतलं, हलकं झालेलं चाक गरगरतं आणि बाहेरचं गाडी धरून ठेवतं. लिमिटेड स्लिपमध्ये, म्हणजे एकच चाक गरगरू न देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये, रेटा चांगला पोचतो, पण सुटली तर दोन्ही चाकं एकदम सुटतात. जुनी गाडी घेऊन त्यात असा डिफरन्शियल बसवणाऱ्यांनी पहिले काही दिवस पावसात जपून चालवावं.

सराव कुठे करायचा, हा खरा अडचणीचा प्रश्न. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर रात्री करायचा नाही, हे आधी सांगतो. मोटार वाहन कायद्यातलं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याचं आहे आणि १८९ शर्यतीचं. पण कायद्याच्याही आधी, तिथून कोणी दुचाकीवर घरी जात असतं. आपल्या शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे. ११.३ किलोमीटरचा तिथला वेगाचा ट्रॅक २०२१ मध्ये खुला झाला. तिथे गाड्यांची परीक्षा होते, मन मानेल तेव्हा जाऊन सराव करायची ती जागा नव्हे. प्रशिक्षण घ्यायचं तर कोइंबतूरचा कारी ट्रॅक किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई इथे चौकशी करा. ओल्या पट्ट्यावर ताशी ३० ते ४० ने गोल फिरत पाय कमी-जास्त करणं, एवढ्यानेच कमरेला गाडीची भाषा कळू लागते. वेग लागत नाही, पाणी लागतं.

शेवटचा प्रश्न टायरचा. दोनच नवे घ्यायचे असतील तर कुठे लावायचे? मागे. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि ब्रेकला वेळ मिळतो. मागची घसरली तर ती फिरते. खाचांची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण पावसाळ्याला ती पुरत नाही. ३ वर आली की बदला. हवा सकाळी, गाडी न चालवता तपासा. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो, म्हणून मेच्या दुपारी ३२ दिसले, तर पहाटे तेच २९ असू शकतात. ३२ पीएसआयला साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग साधारण ताशी ९४ येतो. हवा कमी किंवा खाचा झिजलेल्या असतील तर त्याच्या खूप आधी. आणि टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, उदाहरणार्थ २३१९. म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आठवड्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या टायरवर खाचा नव्यासारख्या दिसतात आणि रबर मात्र वाळून कडक झालेलं असतं. घरी गेल्यावर आधी तो आकडा वाचा.