विटेवरचा शिक्का: रोमच्या भट्ट्यांच्या मागावर

रोममधल्या पँथिऑन या प्राचीन देवळाच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत कोरलंय: ल्यूशियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा यानं, तिसऱ्यांदा कॉन्सल असताना, हे बांधलं. कॉन्सल हे रोमचं दरवर्षी बदलणारं सर्वोच्च पद, म्हणजे हे वर्ष इसवी सनपूर्व २७. कित्येक पिढ्यांनी ते खरं मानलं. मग १८९२ मध्ये जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुविशारदानं इमारतीच्या विटांवरचे शिक्के वाचले. ते निघाले सम्राट हेड्रियनच्या काळातले, अग्रिप्पानंतर जवळपास दीडशे वर्षांचे! अग्रिप्पाचं देऊळ केव्हाच गेलं होतं. नव्या देवळावर त्याचं नाव तेवढं पुन्हा कोरलं गेलं.

एक वीट जवळून पाहू. दोन रोमन फुटी, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे ५९ सेंटिमीटर. माती मळून साच्यात थापली आणि ती ओली असतानाच वर शिक्का दाबला. मग वाळवण, मग भट्टी. शिक्का बहुधा चंद्रकोरीच्या आकाराचा, अक्षरं कोरीच्या वळणानं फिरलेली. त्यात येतं जमिनीच्या मालकाचं नाव, भट्टीचं नाव, काम करवून घेणाऱ्याचं नाव. तो कारभारी पुष्कळदा गुलाम असे, नाहीतर गुलामीतून सुटलेला. एरवी इतिहासात ज्याला कुणी विचारलं नसतं, त्याचं नाव इथे मातीत पक्कं भाजून राहिलंय. मला या शिक्क्यांचं सगळ्यात मोठं मोल इथे वाटतं.

काही शिक्क्यांवर वर्षही सापडतं, अर्थात रोमन पद्धतीनं, त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या नावांनी. ‘पेतिनस आणि अप्रोनिआनस’ ही जोडी म्हणजे इसवी सन १२३, आणि त्या एका वर्षाचे शिक्के विलक्षण संख्येनं मिळतात. हाइनरिश ड्रेसेलनं १८९१ मध्ये रोमच्या शिक्क्यांचा मोठा संग्रह छापला. पुढे हर्बर्ट ब्लॉखनं त्यांच्या आधारे शहरातल्या एकेका इमारतीचा काळ ठरवला. यात जपून चालावं लागतं. वीट साठवून ठेवता येते, जुन्या भिंतीतून काढून पुन्हाही वापरता येते.

आता भट्ट्या. टायबर नदीच्या खोऱ्यात, रोमच्या उत्तरेला, मुन्यानो गावाच्या परिसरात डोमिशियस घराण्याच्या भट्ट्या होत्या. चिकणमाती तिथलीच, आणि माल उतरवायला नदी. जड विटा गाडीनं न्यायच्या तर खर्च परवडेना. होडीत भरल्या की प्रवाहाबरोबर थेट राजधानीत. काही शिक्क्यांवर तर नदीकाठच्या बंदराचं नावच आहे, ‘पोर्तुस लिकिनी’.

वक्ता डोमिशियस आफेरपासून वारशानं हा धंदा डोमिशिया लुसिला या बाईंकडे आला, मग त्यांच्या त्याच नावाच्या मुलीकडे. ही मुलगी म्हणजे सम्राट मार्कस ऑरेलियसची आई. त्याच्यामार्फत भट्ट्या राजघराण्याच्या मालकीच्या झाल्या, आणि तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोमचा बहुतेक वीटधंदा सम्राटाच्याच हाती होता.

शिक्का नसलेली वीट कुठली, हे कसं कळणार? तिचा कागदाहून पातळ काप, मिलिमीटरचे शंभरातले तीन भाग, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. ऑगाइट या खनिजासारखे ज्वालामुखीतून आलेले कण दिसले, की मध्य इटलीच्या मातीचा संशय बळावतो. मग रासायनिक घटक मोजून, माहीत असलेल्या भट्ट्यांच्या विटांशी ताडून पाहायचं.

रोमच्या शिक्क्यांच्या विटा समुद्रापार, आजच्या ट्युनिशियातल्या कार्थेजलाही सापडल्या आहेत. आफ्रिकेतून धान्य घेऊन आलेली जहाजं रिकामी परतली तर डोलतात, म्हणून तळाशी वजनाला विटा भरत, आणि तिकडे पोचल्यावर त्याच विटा विकत, असं अभ्यासक मानतात.