पंधरा भरली, आता थांबू का येऊ?

(कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात, सुट्टीवर आलेले जवान आणि त्यांच्या घरच्यांपुढं एका माजी सैनिकानं केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून.)

मंडळी, फौजेतल्या पोरांचा फोन आला की पहिली दोन मिनिटं पाऊस झाला का, ऊस गेला का असं चालतं आणि मग आवाज जरा खाली येतो, "अण्णा, पंधरा भरत आली. थांबू का येऊ?" म्हणजे फौजेतली पंधरा वर्षं भरत आली, आता नोकरीत थांबू का पेन्शन घेऊन गावी येऊ. ह्याचं एका शब्दात उत्तर देणारे आपल्यात भरपूर आहेत. कोण म्हणतो ये रे, किती दिवस डोंगरात राहणार, कोण म्हणतो येडा आहेस का, गावात येऊन काय करणार. दोन्ही सल्ले फुकटचे. मी ये पण म्हणणार नाही आणि थांब पण म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की हा निर्णय नोकरीच्या तेराव्या वर्षी करायला घ्या, घरवालीला शेजारी बसवून, कागद पेन घेऊन. पंधराव्या वर्षी डोकं फिरलेलं असताना करू नका.

कारण नोकरी सोडायचे बरेचसे कागद रागात टाकले जातात, हे मी इतकी वर्षं बघतोय. बहिणीचं लग्न होतं आणि सुट्टी कटली. सीएचएमशी, म्हणजे कंपनीच्या हवालदार मेजरशी वाजलं. कॅडरला, म्हणजे प्रमोशनच्या कोर्सला नाव आलं नाही. बरोबरचा पोरगा बँकेत लागला आणि त्यानं एसीत बसलेला फोटो ग्रुपवर टाकला. ही कारणं खोटी नाहीत, मी त्यांना हसत नाही, बहिणीच्या लग्नाला भाऊ नसणं म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला कळतं. पण तो सीएचएम वर्षा दोन वर्षात बदली होऊन जाणारच असतो, तुम्ही मात्र एकदा घरी आलात की परत त्या गेटातून आत जाता येत नाही.

आता नियम बघू, म्हणजे नुसत्या गप्पा नकोत. जवानाला पेन्शनला 15 वर्षं लागतात, ऑफिसरला 20. पंधराच्या आत स्वतः मागून बाहेर पडलात तर पेन्शन नाही. आणि पूर्ण सर्व्हिस केली तर शिपाई 17, नायक 22, हवालदार 24, नायब सुभेदार 26, सुभेदार 28, आणि त्यावर स्क्रीनिंगला पास झालात तर दोन वर्षं वाढीव. म्हणजे नायक, हवालदारासाठी प्रश्न सात ते नऊ वर्षांचा आहे. एकोणिसाव्या वर्षी भरती झाला असाल तर चौतिसाव्या वर्षी यायचं का त्रेचाळिसाव्या.

ह्यात एक गोष्ट बरेच जण विसरतात ती म्हणजे 16 ची एमएसीपी, ठराविक वर्षांनी आपोआप मिळणारी वरची ग्रेड. नोकरीला 8, 16 आणि 24 वर्षं झाली की अशा तीन आहेत. प्रमोशन मिळालं नाही तरी सोळा वर्षांनी ग्रेड वाढते आणि पेन्शन शेवटच्या पगारावर बसते, मग पंधरा वर्षं दोन महिन्यांनी घाई करून येणाऱ्याला मी विचारतो, बाबा दहा महिन्यांसाठी जन्मभराची रक्कम का कमी करून घेतोस? ज्याच्या हातात नोकरीची ऑर्डर आहे त्याची गोष्ट वेगळी, त्यानं यावं. बाकीच्यांनी सोळा तरी गाठावं.

दुसरं ओआरओपी, वन रँक वन पेन्शन, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सर्व्हिस असेल तर पेन्शन पण सारखी. 1 जुलै 2014 नंतर स्वतःहून मागून जे पेन्शनवर आले त्यांना सरकारनं त्यातून बाजूला ठेवलं. डिसेंबर 2022 मध्ये पेन्शनची सुधारणा जाहीर झाली तेव्हापण ह्या लोकांना वगळलं. ह्यावर लोक ट्रिब्युनलमध्ये गेलेत, भांडतायत, पण तुम्ही आज कागद टाकताना ते मिळेल असं धरून हिशोब मांडू नका. मिळालं तर वरचं समजा.

आता पैशाचा हिशोब, एकदाच सांगतो, लिहून घ्या. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता धरू. हवालदार ग्रेडचा बेसिक समजा 35,900 आहे, त्यात मिलिटरी सर्व्हिस पे 5,200, झाले 41,100. त्याची निम्मी पेन्शन, 20,550, अधिक महागाई भत्ता. आता ह्यातली निम्मी विकता येते, कम्युटेशन म्हणतात ते. विकली तर साधारण 11 लाख एकरकमी हातात पडतात आणि पुढची पंधरा वर्षं महिन्याला 10,275 कापले जातात. पंधरा वर्षांचे किती झाले? साडेअठरा लाख. म्हणजे ते अकरा लाख काय बक्षीस नाही, कर्ज आहे, फक्त फेडतोय हे जाणवत नाही कारण खात्यावर येण्याआधीच कापलेलं असतं. महागाई भत्ता मात्र पूर्ण 20,550 वर मिळतो, विकलेल्या भागावर पण, हे चांगलं आहे. मी कम्युटेशनच्या विरोधात नाही, डोक्यावर बारा टक्क्यांचं कर्ज असेल तर जरूर घ्या आणि ते फेडून टाका. पण ते पैसे घेऊन काय करतात आपली माणसं? ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स, लीव्ह एन्कॅशमेंट सगळं एकदम येतं, पासबुकात जन्मात बघितला नाही एवढा आकडा दिसतो आणि गावात बातमी माणसाच्या आधी पोचते. मग मेहुणा डंपर घेऊया म्हणतो, चुलता बांधाकडेची जमीन दाखवतो, बँकेच्या दारात पॉलिसीवाला उभाच असतो, आणि आपण स्वतः दोन मजली बंगला काढतो ज्याच्या वरच्या मजल्यावर पुढची दहा वर्षं कांदे वाळत घालतात. बंगला बांधू नका असं नाही, खाली चार खोल्या बांधा, वरचं पोरं कमवायला लागल्यावर बघा.

हे सगळं कशासाठी सांगतोय, तर चौतिसाव्या वर्षी आलेल्या माणसाला पेन्शनवर घर चालवता येत नाही. पोरं पहिली दुसरीत असतात, खर्च अजून सुरूच व्हायचा असतो, दहावी बारावी क्लास कॉलेज सगळं पुढं. पेन्शनचा खरा उपयोग असा की ती पाठीशी असल्यामुळं तुम्ही कमी पगाराच्या पण पक्क्या नोकरीपासून परत सुरुवात करू शकता, दीड दोन वर्षं अभ्यासाला देऊ शकता. सिव्हिलमधल्या चौतिशीच्या माणसाला हे जमत नाही, तुम्हाला जमतं. म्हणून माझ्या मते लवकर यायचं असेल तर दुसरी नोकरी करायलाच या. आराम करायला यायचं असेल तर चोवीस अठ्ठावीस पूर्ण करून या, तोवर पोरं पण मोठी होतात.

दुसऱ्या नोकरीचा रस्ता कसा आहे बघा. केंद्राच्या ग्रुप सी मध्ये माजी सैनिकांना 10 टक्के, सरकारी बँकांच्या क्लार्कमध्ये साडेचौदा टक्के, आणि आपल्या महाराष्ट्रात गट क आणि ड ला 15 टक्के समांतर आरक्षण. केंद्राच्या नोकरीत वयात सर्व्हिसची सगळी वर्षं वजा होतात, वर तीन वर्षं. दहावी पास आणि पंधरा वर्षं सर्व्हिस असेल तर ग्रुप सी च्या ज्या पदाला पदवी मागतात, टेक्निकल सोडून, तिथं पण चालतं. पण बँकेत पीओ म्हणजे ऑफिसर व्हायचं असेल, एमपीएससीतून अधिकारी व्हायचं असेल तर खरी डिग्री लागते, आणि ती सर्व्हिसमध्ये असतानाच करा, इग्नूतून करा, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून करा. पीस स्टेशनला, म्हणजे बॉर्डरपासून लांबच्या पोस्टिंगला, संध्याकाळी व्हॉलीबॉल झाल्यावर तुम्ही मोबाईलवर जे करता ना, तेवढ्या वेळात डिग्री होते. (हशा) हसू नका, मी पण क्वार्टर गार्डच्या मागं बसून पत्तेच खेळलेत, मोबाईल नव्हता एवढंच.

आणि एक बारीक गोष्ट. माजी सैनिक कोट्यातून एकदा सरकारी नोकरीवर हजर झालात की तो कोटा संपतो, परत वापरता येत नाही. पण हजर व्हायच्या आधी जे जे फॉर्म भरलेत त्यांची यादी करून, हजर होताना लगेच सेल्फ डिक्लरेशन द्यायचं, मग त्या भरलेल्या फॉर्मपुरता लाभ राहतो. हे न केल्यामुळं क्लार्कला हजर झालेली पोरं पुढच्या चांगल्या पोस्टला अडकलेली मी पाहिलीत. पे फिक्सेशनचं, म्हणजे नव्या नोकरीत पगार कितीवर बसवणार त्याचं, पेन्शनवरच्या महागाई भत्त्याचं पण हजर होतानाच लेखी विचारून घ्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन बसा, तिथं बसायला लाजू नका.

स्वतःचं सांगायचं तर मी पेन्शनवर आल्यावर बँकेत काउंटरला बसलो. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान पोरगी ऑफिसर, ती मला काका म्हणायची आणि चूक झाली की सगळ्यांसमोर सांगायची पण. पहिले सहा महिने लय जड जातं. तिथं तुमच्या फित्या कुणाला दिसत नाहीत. पेन्शनर म्हाताऱ्या बाया रांगेत येतात, अंगठा उठत नाही, सर्व्हर डाऊन असतो, आणि तुम्हाला "सावधान" म्हणायची सोय नसते. ज्याला हे जमेल असं वाटतं त्यानं यावं. ज्याचा जीव पोरांना शिकवण्यात, पलटणीत, हुकूम द्यायला आणि घ्यायला आहे त्यानं उगाच बँकेच्या एसीला भुलू नये, तो सुभेदार साहेब होऊनच शोभतो आणि सुखी पण राहतो.

सिक्युरिटीचं पण बोलतो. मेस्को म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी महामंडळ आहे, एमआयडीसीत गेटावर नोकऱ्या आहेत, कारखान्यावर आहेत. त्यात कमीपणा काही नाही. पण बारा तासांची ड्युटी, नाईट, आणि पगार किती ते आधी विचारा, कारण युनिटची गार्ड ड्युटी नको म्हणून आलेला माणूस गावाजवळच्या गेटावर तीच ड्युटी निम्म्या पैशात करतोय असं होऊ नये. त्यापेक्षा डीएससी, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर आहे की, केरळात कन्नूरला त्यांचं सेंटर आहे, परत वर्दी, परत सरकारी पगार. फौज सोडवत नाही पण डोंगरातलं पोस्टिंग पण नको, त्यांनी ह्याचा विचार करावा.

निघताना रिलीज मेडिकल बोर्ड होतो. आपण सर्व्हिसभर बीपी, कंबर, कान सगळं लपवतो, मेडिकलची खालची कॅटेगरी लागली तर प्रमोशन अडेल म्हणून. जाताना तरी लपवू नका. जे दुखतंय ते सांगा आणि कागदावर येऊ द्या, पुढं ते शोधायला कोण जाणार.

अग्निवीर पोरांनो, तुमच्यापुढं थांबू का येऊ हा प्रश्न तुम्ही ठरवायचा असा नाही, चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के ठेवणार आणि कोण ते फौज ठरवणार. पहिली बॅच 2022 च्या अखेरीला ट्रेनिंग सेंटरला गेली. सेवा निधीचे साधारण 11.71 लाख मिळतात, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. मला ही स्कीम पटते का, तर नाही पटत, चार वर्षांत पोरगं नुसतं तयार होतं आणि सोडून देतात. पण तुम्ही आत आहात तर केंद्रीय दलांतल्या राखीव जागा आणि बारावी, आयटीआय जे राहिलंय ते, ह्याची तयारी दुसऱ्या वर्षापासून करा. आणि ते अकरा लाख बुलेट आणि साखरपुड्यात घालवू नका.

एका वहिनींनी चिठ्ठी पाठवलीय, वाचतो. "हे म्हणतात मी येतो, मला वाटतं थांबावं, पोरं आत्ता कुठं आर्मी स्कूलला रुळलीत. काय करू?" वहिनी, भांडू नका. पंधरा वर्षं घर तुम्ही चालवलंय, सासू सासऱ्यांचं दवाखान्याचं तुम्ही बघितलंय, तेव्हा तुमच्या मताला त्यांच्याएवढंच वजन आहे. त्यांना तीन गोष्टी विचारा, कुठला फॉर्म भरलाय, परीक्षा कधी आहे आणि लागेपर्यंत महिन्याचा खर्च कशातून. हॉल तिकीट दाखवलं तर येऊ द्या, दोन वर्षं तुम्ही पण साथ द्या. आणि नुसतं "बघू, काहीतरी करू" म्हणाले तर माझा नंबर द्या त्यांना, सुट्टी संपायच्या आत घरी येऊन बसतो मी.