जुन्या ट्रकचं ॲव्हरेज

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्याकडे ट्रेलर ओढणारा जुना अवजड डिझेल ट्रक आहे, त्यांच्यासाठी आज बोलतोय. नवा घ्यावा तर कर्ज, जुना ठेवावा तर डिझेलचा खर्च. मालक म्हणतो गाडी पिते, ड्रायव्हर म्हणतो लोडच तसा होता, मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलून बघू. आणि या सगळ्या वादात गाडी नेमकं किती देते, हे कुणी मोजलेलंच नसतं.

तेव्हा आधी मोजा. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, गाडी तशीच सपाट उभी करून पुन्हा फुल करा. एकदा भरून काहीच ठरत नाही, कारण टाकीत फेस राहतो, परतीचा ट्रेलर रिकामा असतो, कधी समोरून वारा असतो. चार-पाच भरण्यांची सरासरी काढा आणि शेजारी वजन नि रस्ता लिहून ठेवा. टायरची साइज बदलली असेल तर ओडोमीटर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून घ्या. मोठा टायर लावला की गाडी चालते जास्त आणि मीटर दाखवतो कमी, म्हणजे चांगली गाडीही कागदावर वाईट दिसते. आणि दुरुस्ती एका वेळी एकच करा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला, ते कधीच कळणार नाही.

आता वेगाबद्दल. हे कुणाला ऐकायला आवडत नाही, पण यासारखा फुकटचा उपाय दुसरा नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 किलोमीटरवरून 100 वर गेलात तर हवा साधारण 56 टक्के जास्त जोराने मागे ढकलते. हायवेच्या वेगाला चाकांपर्यंत पोहोचलेल्या ताकदीचा जवळपास अर्धा भाग हवा कापण्यातच जातो, म्हणजे हा फरक थेट टाकीत दिसतो. आणि वाचतं काय? 300 किलोमीटरमागे पाऊण तास, तोही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. केबिन आणि ट्रेलर यांच्यातलं अंतर जास्त असेल तर त्या फटीत हवा घुसून घुमते. वळताना ट्रेलर केबिनला लागणार नाही आणि ॲक्सलवरचं वजन बिघडणार नाही, एवढं पाहून ते अंतर कमी करता येतं. फडफडणारी ताडपत्री मात्र आजच आवळा.

जुन्या गाडीत मला सगळ्यात आधी संशय येतो तो टर्बोपासून इंजिनपर्यंतच्या हवेच्या वाटेचा. टर्बो हवा दाबतो, ती इंटरकूलरमधून थंड होऊन इंजिनात जाते. मधले रबरी होज वर्षानुवर्षं तापून कडक होतात, क्लॅम्प सैल पडतात, इंटरकूलरच्या कडेला बारीक चीर जाते. दाबलेली हवा तिथून निसटते. जुना मेकॅनिकल पंप असेल तर डिझेल ओतलं जातंच, हवा पुरत नाही, आणि चढावर गाडी काळा धूर मारते. इलेक्ट्रॉनिक इंजिन हवा कमी दिसली की डिझेलही कमी करतं. तिथे धूर फारसा दिसत नाही, पण पिकअप मरतो, आणि ड्रायव्हर गिअर पाडून पाय दाबत राहतो. दोन्हीकडे डिझेल वायाच जातं.

हे तपासायला इंजिन खोलावं लागत नाही. इंटरकूलरची दोन्ही तोंडं बुचांनी बंद करायची, रेग्युलेटर लावून 30 पीएसआय दाबाची हवा भरायची, पुरवठा बंद करायचा आणि 15 सेकंद गेजकडे बघायचं. दाब पाचेक पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे असं धरून चाला. कंपनीगणिक ही मर्यादा थोडी बदलते, पुस्तकात बघून घ्या. मग सांध्यांवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे जागा दाखवतील. एक सांगायलाच हवं : ती बुचं साखळीने बांधल्याशिवाय हवा भरू नका आणि समोर उभे राहू नका. निसटलेलं बूच गोळीसारखं सुटतं.

हे सोडून लोक आधी डिझेल फवारणाऱ्या नोझलला हात घालतात. नोझल खराब असू शकतात, टॅपेट सेटिंगही, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावणं, वेळेवर हवंच, पण खर्चाची कामं स्वस्त कामांनंतर करावीत. रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची वाट उघडबंद करणारा थर्मोस्टॅट त्या स्वस्त कामांत येतो. तो उघडाच अडकला तर इंजिन कधी नीट तापत नाही, आणि थंड चालणारं इंजिन डिझेल जास्त घेतं. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा खाली राहतोय का, एवढं बघायचं.

दुसरा चोर म्हणजे पंखा. इंजिनचा मोठा पंखा फिरवायला तीस-चाळीस हॉर्सपॉवर सहज लागतात. सपाट रस्त्यावर तो बहुतेक वेळ बंद असायला हवा. पंख्याची घरघर सतत ऐकू येत असेल तर पंखा इंजिनला जोडणारा-सोडणारा क्लच चिकटलाय, रेडिएटर कचऱ्याने भरलाय किंवा एसीचा स्विच त्याला उगाच चालू करतोय.

मग चाकं. लांब पल्ला मारून थांबलात, शक्यतो जोराचा ब्रेक न मारता, की हाताची मागची बाजू प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय. टायरची हवा सकाळी गाडी हलायच्या आधी बघायची, गरम टायरमधली हवा काढायची नाही. 10 पीएसआय कमी हवा म्हणजे साधारण एक टक्का डिझेल जास्त, आणि जोडीतला आतला टायर तर कुणी बघतच नाही. टायरवरून हात फिरवल्यावर खडबडीत किंवा एका बाजूला धार लागत असेल तर अलाइनमेंट करा, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणून घ्या, आणि ते फक्त पुढच्या ॲक्सलचं नाही. मागचे ॲक्सल तिरके असले तर गाडी सगळा रस्ताभर कुशीवर ओढली जाते.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं तर सरळ नुकसान. मोठं इंजिन तासाला तीनेक लिटर पितं. रात्री आठ तास चालू राहिलं की चोवीस लिटर गेले. लिटरला अडीच किलोमीटर देणाऱ्या गाडीचा हा 60 किलोमीटरचा रस्ता आहे.

डिझेलच्या नळीला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या जादूच्या बाटल्या, यांवर मी वेळ घालवणार नाही. तुम्हीही पैसे घालवू नका.

राहिला मागचा गिअर रेशो, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो ते प्रमाण. टॉप गिअरमध्ये ठरलेल्या वेगाला इंजिन 1800 आरपीएमवर ओरडत असेल, तर मागचा रेशो बदलून ते 1400-1500 वर आणता येतं, आणि फरक खरोखर पडतो. पण त्यासाठी मागच्या ॲक्सलमधलं गिअरचं घर, म्हणजे डिफरन्शियल, उघडावं लागतं, आणि आधी हिशेब करावा लागतो, कारण चढावर ओढ कमी होते. घाटाचा रस्ता आणि जड लोड हेच तुमचं रोजचं काम असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. सपाट, लांबचा धंदा असेल आणि डिफरन्शियल दुसऱ्या कारणाने उघडणारच असेल, तर तेव्हाच मेकॅनिककडून रेशोचा हिशेब करून घ्या.