आखाजीच्या जुन्या घागरी

श्रोतेहो, नमस्कार. मी धुळ्यात देवपुरला राहते, ब्लाउज शिवते. माहेरी कोरडवाहू कापूस होता, पण फुलझाडांतलं मला काही कळत नव्हतं. तरी आज बोलणार आहे ते बागेबद्दलच.

आमच्या कॉलनीच्या मधोमध ओपन स्पेस आहे. नकाशात ती बाग. प्रत्यक्षात तुटकं तारेचं कुंपण, मोडकी घसरगुंडी, एक थोरला कडुनिंब आणि बाकी सगळं गाजर गवत. माझी मशीन खिडकीशी, त्यामुळे सहा वर्षं ते गवत रोज डोळ्यांसमोर. एका पावसाळ्यात विळा घेऊन उतरले. शेजारच्या आजी ओट्यावरून अहिराणीत म्हणाल्या, "आठे काय उगस व माय?" म्हणजे, इथे काय उगवतं गं?

हे गवत परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात. 1955 च्या सुमाराला पुण्यात त्याची नोंद झाली. विळ्यानं कापलं की बुडातून पुन्हा फुटतं. जमीन ओली असताना, फुलावर यायच्या आत, मुळासकट उपटायला हवं. आणि हातमोजे घालून! मी नुसत्या हातांनी उपटलं, आठवडाभर कोपरापर्यंत खाज. लग्नसराई नव्हती म्हणून बरं, नाहीतर गिऱ्हाइकांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

मग हौसेनं गुलाबाची चाळीस रोपं आणली. दीड-दीड फूट खड्डे घेतले, शेणखत भरलं, रोपं लावली. ऑगस्टमध्ये झड लागली आणि निम्मी रोपं कुजली. आपली काळी जमीन पाणी प्यायली की फुगते, मग खाली पाणी जिरूच देत नाही. तिच्यात पोकळ खत भरलेला खड्डा म्हणजे बादली. रोप बादलीत उभं! उरलेली रोपं उन्हाळ्यात गेली. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या, त्यातून मुळं उघडी पडली. माहेरी काळ्या रानात वाढलेल्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं, पण हौस आंधळी असते.

दुसऱ्या वर्षी खड्डे नाहीत. वीतभर उंच वरंबे केले, त्याच मातीत मुरूम आणि पालाखत मिसळून. पालाही विकत नाही घेतला. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पानं गाळतो, ती आमच्याकडे रोज सकाळी पेटवली जायची. आता ती वरंब्यावर चार बोटं जाड पसरतो. पाल्याच्या आधी मी अक्कल चालवून दुकानातल्या चिंध्या अंथरल्या होत्या. त्या निघाल्या पॉलिस्टरच्या. अजून खुरपताना जांभळे, पोपटी तुकडे वर येतात.

पाण्याचं सांगते, कारण बाग तिथेच मेली होती. झाडं आधीही दोनदा लावली गेली होती म्हणे, फोटो काढले, पाणी कोण घालणार ते कुणी ठरवलंच नाही. आपल्या पांझरा नदीवर फडपद्धत आहे, शेकडो वर्षांची. बंधाऱ्याचं पाणी पाटानं फडात येतं आणि कुणाचं बारं, म्हणजे पाण्याची पाळी, कधी, ते पाटकरी बघतो. ज्याला वाटलं त्यानं पाट फोडला, असं तिथे चालत नाही. आम्हीही सात घरं, सात वार असं ठरवलं. आजी झाल्या पाटकरी. ज्याचा वार चुकेल त्याच्या दारात त्या स्वतः काठी टेकत जाऊन उभ्या राहतात, बोलत काही नाहीत.

तरी मे महिन्यात, पारा 44 च्या वर गेला की वरून ओतलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. त्यावर तोड घरातच होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण पितरांसाठी नवी घागर भरतो, मग ती उन्हाळाभर पाण्याला वापरतो. मागल्या वर्षीची जुनी घागर जिन्याखाली पडून असते. अशा अकरा घागरी गोळा झाल्या. त्यांची छिद्रं क्षारानं बुजलेली, म्हणून विटेच्या तुकड्यानं बाहेरून खरवडून काढल्या. दोन रोपांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरल्या, भरल्या, वर झाकणी. झाकणी विसरू नका, डास होतात. मातीतून पाणी झिरपत राहतं, मुळं घागरीभोवती येऊन बसतात. दर चौथ्या दिवशी भरलं की पुरे. एक घागर मात्र काही केल्या झिरपेना; ती आता चिमण्यांना पाणी प्यायला ठेवलीय, फुटक्या काठाची, पण त्यांना चालते.

गुलाबाचा नाद सोडला. कण्हेर, तगर, सदाफुली, मोगरा, कोपऱ्यात शेवगा, एवढंच लावलं आणि एवढंच जगलं. शेवग्याच्या शेंगांवरून दोन घरांत अबोला आहे, त्याला माझा इलाज नाही.

यंदाच्या आखाजीला माहेरवाशिणी आल्या आणि कुणीतरी कडुनिंबाला झोका बांधला, नेमका माझ्या मोगऱ्याच्या वरंब्यासमोर. येता-जाता पायांनी वरंबा सपाट. मी तणतणत गेले, तर झोक्यावर आजी! नव्वदीच्या जवळ आलेल्या, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरलेला. मला म्हणाल्या, "माय, जरासा ढकल."

पाऊस पडला की मोगरा पलीकडे हलवणार आहे.