चेंडू, दांडा आणि पैज : ‘टॉमीज ऑनर’ पाहण्यापूर्वी

मंडळी, आज आपण पाहणार आहोत तो चित्रपट २०१६ सालचा. ‘टॉमीज ऑनर’ हे त्याचं नाव. दिग्दर्शक जेसन कॉनरी, म्हणजे शॉन कॉनरी यांचे चिरंजीव. एडिनबर्गच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची त्या वर्षीची सुरुवात याच चित्रपटानं झाली आणि स्कॉटलंडच्या बाफ्टा पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. थोरल्या टॉम मॉरिसच्या भूमिकेत पीटर मलन आहेत, धाकट्या टॉमीच्या भूमिकेत जॅक लोडन. केविन कुक यांच्या पुस्तकावरून पटकथा झाली आणि पटकथालेखनातही कुक स्वतः होते.

गोष्ट स्कॉटलंडमधल्या गोल्फची, १८६० आणि १८७० च्या दशकांतली. बाप गोल्फची ओपन स्पर्धा चार वेळा जिंकलेला आणि सेंट अँड्र्यूज गावच्या गोल्फ मैदानाची देखभाल करणारा. मुलगा सतराव्या वर्षी तीच स्पर्धा जिंकतो, लागोपाठ चार वेळा जिंकतो आणि चोविसाव्या वर्षी जातो. एवढं कथानक ठाऊक असलं तरी चित्रपटाचं काही बिघडत नाही. आज मला सांगायचं आहे ते वेगळंच. या चित्रपटात गुणफलकाकडे कमी आणि खेळाडूंच्या हातांकडे जास्त बघा. त्या काळचा चेंडू कसा होता, तो मारायची स्टिक कशी होती आणि पैज कुणाच्या पैशावर लागायची, या तीन गोष्टी कळल्या की बापलेकाचं भांडण आपोआप कळतं.

चेंडूपासून सुरुवात करू. १८४८ च्या आधी गोल्फचा चेंडू पिसांचा असायचा. चामड्याचे तुकडे ओले करून शिवायचे, ते उलटून शिवण आत घ्यायची आणि एक बारीक भोक ठेवायचं. त्या भोकातून उकडलेली हंसाची पिसं लोखंडी सळईनं ठासून भरायची. उंच हॅट भरेल एवढी पिसं एका चेंडूत जायची. वाळताना चामडं आकसायचं, पिसं फुगायची आणि चेंडू दगडासारखा टणक व्हायचा. चांगल्या कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चार चेंडू व्हायचे. त्यामुळे किंमत अडीच शिलिंगांच्या खाली क्वचितच यायची. पावसात भिजला की तो जड व्हायचा आणि लोखंडी स्टिकचा एक चुकार फटका बसला की शिवण उसवायची.

मग आला गटापर्चाचा चेंडू. गटापर्चा हा मलायाकडच्या झाडांचा चीक. १८४० च्या दशकात सिंगापूरमधल्या एका स्कॉटिश सर्जननं त्याचे नमुने लंडनला पाठवले. सेंट अँड्र्यूजमध्ये एक कथा सांगतात, की आपल्याकडून तिकडे गेलेल्या विष्णूच्या मूर्तीभोवती हा गटापर्चा भरलेला होता आणि एका विद्यार्थ्यानं त्याचाच पहिला चेंडू वळला. खरीखोटी ठरवणं अवघड आहे, पण कथा आहे छान.

हा चेंडू करायची रीत सोपी होती. गटापर्चाची पट्टी गरम पाण्यात मऊ करायची. बेताचा तुकडा कापून तळहातांवर गोल वळायचा, किंवा लोखंडी साच्यात दाबायचा. लगेच गार पाण्यात टाकायचा, नाहीतर तो एका बाजूला बसतो. पुढे काही महिने तो मुरू द्यायचा आणि मग पांढरा रंग द्यायचा. घाई करून ताजा चेंडू खेळायला काढला तर तो मऊ राहतो, आकार सोडतो. कडाक्याच्या थंडीत उलट होतं, चेंडू ठिसूळ होऊन हवेतच फुटतो. हे इतक्यांदा व्हायचं की त्यासाठी नियम होता : सगळ्यात मोठा तुकडा जिथे पडेल तिथून नव्या चेंडूनं पुढे खेळायचं. किंमत मात्र साधारण एक शिलिंग. पिसांच्या चेंडूवर पोट असणारा कारागीर अ‍ॅलन रॉबर्टसन भडकणार नाही तर काय? थोरला टॉम त्याच्याच हाताखाली चेंडू करत असे. टॉम गटापर्चाचा चेंडू खेळल्याचं रॉबर्टसनच्या कानावर गेलं आणि दोघांचं बिनसलं. १८५१ मध्ये टॉम सेंट अँड्र्यूज सोडून प्रेस्टविकला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टॉमीचा जन्म झालेला होता, म्हणून त्या पोराचं बालपण प्रेस्टविकच्या वाळूत गेलं.

या नव्या चेंडूत एक खोट होती. नवाकोरा, गुळगुळीत असताना तो हवेत गेल्या गेल्या मान टाकायचा. खेळून खेळून त्यावर ओरखडे पडले की मात्र सरळ आणि लांब जायचा. कारण असं : गुळगुळीत चेंडूला चिकटून वाहणारी हवा लवकर सुटते, मागे रुंद पोकळी तयार होते आणि ती चेंडूला मागे खेचते. पृष्ठभाग खडबडीत असला की हवेचा तो पातळ थर खवळतो, चेंडूला जास्त वेळ बिलगून राहतो आणि ओढ कमी होते. कारागिरांना हे शास्त्र ठाऊक नव्हतं, अनुभव ठाऊक होता. त्यांनी धारदार हातोडीनं नव्या चेंडूवर आधीच खाचा पाडायला सुरुवात केली. टॉमीच्या उमेदीच्या काळात असेच हातोडी मारलेले चेंडू वापरात होते. त्या काळावरच्या कुठल्याही चित्रपटात चेंडू जवळून दिसला तर आधी हे तपासा. आजच्यासारखे गोल खळगे दिसले तर तो चेंडू किमान तीसेक वर्षं पुढचा आहे.

आता स्टिक. डोकं सफरचंद, बीच किंवा काटेरी झाडाच्या लाकडाचं, लांबट आणि अरुंद. दांडा पूर्वी अ‍ॅशचा, नंतर अमेरिकेतून येणाऱ्या हिकरीचा. दोघांचा जोड तिरका कापलेला : दोन्ही बाजू तासून, सरस लावून एकमेकींवर बसवायच्या आणि वरून डांबर लावलेला दोरा घट्ट गुंडाळायचा. डोक्याच्या पाठीमागे खाच करून त्यात शिसं ओतायचं, म्हणजे वजन येतं. तळाच्या पुढच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी लाकडी खुंट्यांनी बसवायची, म्हणजे जमिनीवर आपटून लाकूड झिजत नाही. मूठ जाड चामड्याची. पावसात आधी सरस सुटतो, मग दोरा सैल पडतो. म्हणून या वर्कशॉपमध्ये सरसाचं भांडं सतत तयार असे.

हिकरीचा दांडा लवतो, शिवाय पिळतोही. खाली यायला सुरुवात करतानाच जोर लावला तर स्टिकचं डोकं हातांच्या मागे राहतं, त्याचं तोंड उघडं पडतं आणि चेंडू उजवीकडे जातो. त्यामुळे त्या काळचा फटका सावकाश सुरू होतो. पाय फाकलेले, मूठ तळहातात सैल, उजवं कोपर मोकळं, आणि स्टिक डोक्यावरून उभी न जाता अंगाभोवती आडवी फिरते. त्यात वर लोकरीचा जाड कोट. आजच्या खेळाडूसारखा ताठ हातांचा, कमरेच्या झटक्याचा फटका हिकरीच्या स्टिकनं मारला, तर चेंडू भलतीकडे जाईल नाहीतर दांडा तुटेल. ऐतिहासिक चित्रपट इथेच सर्वाधिक फसतात. नटाला आजचा प्रशिक्षक शिकवतो, पोशाख १८७० चा आणि अंग मात्र २०१० चं. लोडन यांनी यावर मेहनत घेतलेली दिसते. टॉमीचा फटका बापापेक्षा आक्रमक होता, तो फरकही त्यांनी ठेवला आहे. माझ्या मते अभिनयातली ही सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी कौतुक झालेली बाजू.

आणखी एक गल्लत नेहमी होते. २००४ साली गोल्फपटू बॉबी जोन्स यांच्यावर चित्रपट आला, २००५ मध्ये फ्रान्सिस विमेट यांच्यावर. तिथेही दांडे हिकरीचेच, म्हणून लोक सगळा एकच ‘जुना गोल्फ’ समजतात. पण विमेट १९१३ मध्ये आणि जोन्स १९३० मध्ये जिंकले ते रबराच्या गाभ्याच्या चेंडूनं. तो उसळतो, लांब जातो, चुकलेल्या फटक्यालाही थोडी माफी देतो. टॉमीच्या चेंडूकडे माफी नव्हती. उत्तम बसलेला फटका १८०-२०० यार्ड जायचा, बस्स.

हा आकडा लक्षात ठेवून १८७० च्या ओपनचा पहिला होल, म्हणजे पहिल्या भोकापर्यंतचा टप्पा, बघा. प्रेस्टविकचं मैदान बारा होल्सचं, एकूण ३,७९९ यार्डांचं. एका दिवसात तीन फेऱ्या, म्हणजे ३६ होल. पहिला होल ५७८ यार्डांचा. टॉमीनं तो तीन फटक्यांत संपवला. दोन लांब फटके आणि तिसऱ्याला चेंडू थेट भोकात. सबंध दिवसाचे १४९ फटके झाले आणि दुसऱ्या क्रमांकावरचे दोघे बारा फटक्यांनी मागे राहिले. १८६८ मध्ये, टॉमी पहिल्यांदा जिंकला तेव्हा, दुसरा आला होता त्याचा बाप.

लागोपाठ तीनदा जिंकणाऱ्याला बक्षिसाचा कमरपट्टा कायमचा द्यायचा असा नियम होता. लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीचं बक्कल असलेला हा पट्टा टॉमी घरी घेऊन गेला. द्यायला बक्षीसच उरलं नाही, म्हणून १८७१ मध्ये स्पर्धाच झाली नाही! पुढच्या वर्षी तीन क्लबांनी प्रत्येकी दहा पौंड काढून चांदीचा जग, म्हणजे सुरई, करायचं ठरवलं. तो जग तयार होईपर्यंत १८७२ ची स्पर्धाही टॉमीच जिंकून बसला. आज ओपनच्या विजेत्याला मिळणाऱ्या क्लॅरेट जगवर कोरलेलं पहिलं नाव त्याचं आहे.

टॉमीची खरी कला मात्र लांब फटक्यात नव्हती. गाडीच्या चाकोरीत अडकलेला चेंडू उकरून काढायला एक छोट्या डोक्याची लोखंडी स्टिक असे. इतर लोक ती नाइलाजानं काढत. टॉमी तीच मुद्दाम घेऊन चेंडू उंच उडवायचा आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गवतावर, अलगद थांबवायचा. बाकीचे अजून चेंडू जमिनीवरून घरंगळत नेत होते. ग्रीनवर तर स्टायमी नावाचा प्रकार होता : प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तुमच्या वाटेत आडवा असला आणि दोन चेंडूंत सहा इंचांहून जास्त अंतर असलं तर तो उचलायचा नाही. वळवून मारा, नाहीतर वरून उडवा. अशा वेळी ही स्टिक सोन्यासारखी.

मैदानाकडेही लक्ष असू द्या. पट्ट्यापट्ट्यांनी कापलेलं मखमली गवत तेव्हा नव्हतं. मेंढ्या चरत, बायका कपडे वाळत घालत. पहिल्या फटक्यासाठी चेंडू ठेवायला टी म्हणून चिमूटभर ओली वाळू, तीही बरेचदा भोकातूनच काढलेली. स्टिका वाहणाऱ्या कॅडीकडे बॅग नाही, सात-आठ स्टिका काखेत. १८६४ मध्ये सेंट अँड्र्यूजनं थोरल्या टॉमला वर्षाला ५० पौंडांवर परत बोलावलं ते हे मैदान सांभाळायला. ग्रीनवर वाळू पसरली की गवत दाट येतं हे त्यानं हेरलं होतं आणि आयुष्यभर तो ‘अजून वाळू’ एवढंच मागत राहिला.

आता पैजेबद्दल, कारण बापलेकाचा झगडा इथे आहे. ओपनच्या बक्षिसावर कुणाचं घर चालत नव्हतं. खरा पैसा एकास एक सामन्यांत होता आणि तो लावायचे क्लबातले जमीनदार आणि सरदार. हरले तर त्यांचे पैसे जात, जिंकले तर खेळाडूला मर्जीनुसार वाटा मिळे. संस्थानिकाच्या पदरी असलेल्या पैलवानासारखं हे होतं : नाव पैलवानाचं, मैदान आणि डाव मालकाचा. थोरल्या टॉमला यात गैर वाटत नव्हतं, कारण त्याच्या लहानपणापेक्षा हे कितीतरी बरं होतं. टॉमीला मात्र खेळायला उतरण्याआधी मोबदला ठरवून हवा होता. सॅम नील यांनी रंगवलेल्या क्लबच्या कप्तानासमोरचे प्रसंग बघा. बाप टोपी काढतो, मुलगा काढत नाही. दोघांच्याही बाजूनं न्याय वाटेल असं ते लिहिलेलं आहे, आणि ती या पटकथेची ताकद आहे.

पैज लावलेली गर्दी दोरीपलीकडे उभी नसायची, कारण दोरीच नसायची. लोक खेळाडूच्या कोपराशी उभे राहत, चेंडूला लाथ मारत. १८७० मध्ये मसलबरा गावी प्रतिस्पर्धी गोल्फपटू विली पार्कविरुद्धच्या सामन्यात हा त्रास इतका झाला की थोरल्या टॉमनं खेळ अर्धवट सोडला आणि तो मैदानालगतच्या दारूच्या गुत्त्यात जाऊन बसला.

शेवटचा भाग ४ सप्टेंबर १८७५, नॉर्थ बेरिकचा. मॉरिस बापलेक विरुद्ध पार्क बंधू. जोडीला एकच चेंडू, फटके आळीपाळीनं. म्हणजे एकानं मैदान सोडलं तर दुसऱ्याचा सामना आणि लोकांच्या पैजा दोन्ही बुडतात. टॉमीची बायको मार्गारेट घरी बाळंत होणार होती. कोळसा खाणींच्या गावची, टॉमीपेक्षा वयानं मोठी आणि लग्नाआधी मूल होऊन गेलेली. त्यामुळे घरच्यांनी तिला मनापासून स्वीकारलं नव्हतं. सामना रंगात असताना तार येते ती थोरल्या टॉमच्या हातात. चित्रपटात तो ती खेळ संपेपर्यंत मुलाला देत नाही. आयुष्यभर अंगात मुरलेली शिस्त एका कागदाच्या तुकड्यावर येऊन उभी राहते. मलन इथे जवळजवळ काहीच करत नाहीत आणि तेवढंच पुरतं.

पुढची घाई समजायला नकाशा हवा. फोर्थच्या खाडीवरचा रेल्वे पूल झाला १८९० मध्ये. तेव्हा नॉर्थ बेरिकहून सेंट अँड्र्यूजला जायचं तर एडिनबर्गला वळसा, मग फेरी, मग पुन्हा गाडी. म्हणून एका सद्गृहस्थाची शिडाची नौका घेऊन ते थेट खाडी ओलांडतात. आई आणि बाळ दोघंही गेल्याची दुसरी तारही पाठोपाठ आली होती.

त्या डिसेंबरात टॉमी बर्फात एक लांबलचक सामना खेळला, जिंकलाही, आणि नाताळच्या सकाळी अंथरुणात मृत सापडला. लोक म्हणाले, दुःखानं गेला. वैद्यकीय कारण होतं फुप्फुसाकडची रक्तवाहिनी फुटणं. चित्रपट पहिल्या कारणाकडे झुकतो. मला तिथे थोडा संयम आवडला असता. सेंट अँड्र्यूजच्या कॅथेड्रलच्या आवारात साठ गोल्फ संस्थांनी वर्गणी काढून त्याचं स्मारक उभारलं, त्यावर तो स्टिक घेऊन चेंडू मारण्याच्या पवित्र्यात कोरलेला आहे. बाप त्यानंतर आणखी ३२ वर्षं जगला, १९०८ पर्यंत, आणि आपली सगळी मुलं त्याच्या डोळ्यांदेखत गेली.

संवादांत स्कॉट्स वळण भरपूर आहे, म्हणून उपशीर्षकं चालू ठेवली आहेत. पहिल्या अर्ध्या तासात ती वाचा, कान सरावला की मग नजर हातांवर ठेवा.